मेटाने एका वर्षात लॉबिंगवर २ कोटी ४४ लाख डॉलर खर्च केले, म्हणजे नेमकं काय केलं?

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. या चार महिन्यांच्या २० तारखेच्या आसपास टेक बातम्यांमध्ये एक ठरलेला मथळा दिसतो: अमुक कंपनीने या तिमाहीत अमेरिकी सरकारकडे लॉबिंग करण्यासाठी इतके लाख डॉलर खर्च केले. वाचणाऱ्यांच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. कोणी म्हणतं, ही तर राजरोस लाच. कोणी म्हणतं, एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे चिल्लर.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटाचा २०२४ या वर्षाचा आकडा होता सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलर. रुपयांत हिशेब केला तर ढोबळमानाने २०० कोटींच्या पुढे. आता प्रश्न असा, की हे पैसे गेले कुठे? कोणाच्या खिशात? त्या बदल्यात कंपनीला काय मिळालं? आणि मुळात हा आकडा आपल्याला कळला कसा?

आज हेच समजून घेऊया, मेटाचं उदाहरण समोर ठेवून. एकदा हा आकडा वाचता आला की गूगल, ॲमेझॉन, ॲपल कोणाचीही बातमी आली तरी ती तुम्हाला नीट वाचता येईल.

लॉबिंग म्हणजे काय आणि काय नाही?

कायदा करणाऱ्यांना किंवा राबवणाऱ्यांना भेटून, फोन करून, पत्र लिहून आपली बाजू पटवून देणं म्हणजे लॉबिंग. सभागृहाबाहेरच्या दालनात, म्हणजे लॉबीत, लोकप्रतिनिधींना गाठून आपलं म्हणणं मांडायची पद्धत होती, त्यावरून हा शब्द आला.

अमेरिकेत हे कायदेशीर आहे. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत सरकारकडे दाद मागण्याचा हक्क दिलेला आहे आणि लॉबिंग त्याच हक्काखाली येतं. शेतकरी संघटना, विद्यापीठं, रुग्णालयं, पर्यावरणवाले, सगळेच लॉबिंग करतात. म्हणजे ही फक्त बड्या कंपन्यांची मक्तेदारी नाही. फरक पडतो तो ऐपतीचा.

इथे एक गल्लत नेहमी होते. लॉबिंगचा खर्च म्हणजे नेत्यांना दिलेले पैसे नव्हेत. हे २ कोटी ४४ लाख डॉलर कोणत्याही सिनेटरच्या खात्यात गेलेले नाहीत. ते मुख्यतः गेले लॉबिस्टांच्या पगारात, वॉशिंग्टनमधल्या लॉबिंग फर्मच्या फीमध्ये, ऑफिसच्या खर्चात आणि व्यापारी संघटनांच्या वर्गणीतल्या लॉबिंगच्या वाट्यात.

निवडणुकीची देणगी हा पूर्ण वेगळा कप्पा आहे. अमेरिकेत १९०७ पासून कंपनीला आपल्या तिजोरीतून थेट संघराज्य पातळीवरच्या उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. त्यासाठी पॅक, सुपर पॅक असे दुसरे मार्ग आहेत आणि त्यांचा हिशेब निवडणूक आयोगाकडे जातो. बातमीत हे दोन्ही एकत्र कालवलेलं दिसलं, तर ती बातमी सावधपणे वाचायची.

हा आकडा येतो कुठून?

१९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लॉबिंग डिस्क्लोजर ॲक्ट मंजूर केला. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. सिनेट आणि हाउस अशी तिची दोन सभागृहं. पुढे जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टचं लाचखोरीचं प्रकरण गाजलं, २००६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २००७ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. तेव्हापासून हिशेब दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो. चुकवला तर २ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

हा हिशेब ज्या फॉर्मवर द्यायचा त्याचं नाव एलडी-२. त्यात साधारण या गोष्टी असतात:

• तिमाहीत लॉबिंगवर झालेला एकूण खर्च, १० हजार डॉलरच्या पटीत
• विषयाचं वर्गीकरण: दूरसंचार, कॉपीराइट, कर, इमिग्रेशन वगैरे
• त्या विषयांतली नेमकी विधेयकं किंवा मुद्दे
• संपर्क कुठे केला: सिनेट, हाउस, व्हाइट हाउस की एखादं खातं
• काम करणाऱ्या लॉबिस्टांची नावं, आणि ते आधी सरकारी पदावर होते का

शेवटचा मुद्दा बारकाईने बघा. मोठ्या कंपन्यांचे बरेच लॉबिस्ट आधी एखाद्या सिनेटरच्या कार्यालयात किंवा सरकारी खात्यात काम केलेले असतात. त्यांना विषय माहीत असतो आणि दारंही माहीत असतात. अमेरिकेत याला 'फिरता दरवाजा' म्हणतात. मेटाच्या जागतिक धोरणांचे प्रमुख जोएल कॅप्लन २०११ मध्ये फेसबुकमध्ये आले, त्याआधी ते अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या व्हाइट हाउसमध्ये डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ होते.

थोडक्यात, बातमीतला आकडा कोणी शोधपत्रकाराने खणून काढलेला नसतो. तो कंपनीने स्वतः सही करून दिलेला असतो. म्हणून त्याला किंमत आहे. आणि म्हणूनच त्याला मर्यादाही आहेत, त्या पुढे बघू.

फेसबुकचा खर्च कसा वाढला?

जाहीर झालेले आकडे ढोबळमानाने असे आहेत:

• २००९: सुमारे २ लाख डॉलर
• २०११: सुमारे साडेतेरा लाख डॉलर
• २०१४: सुमारे ९३ लाख डॉलर
• २०१८: सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर
• २०२०: सुमारे १ कोटी ९७ लाख डॉलर
• २०२१: २ कोटी डॉलरच्या किंचित वर
• २०२३: सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलर
• २०२४: सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलर

पंधरा वर्षांत शंभर पटींहून जास्त वाढ! आता या यादीशेजारी घटना मांडून बघा. एप्रिल २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणी मार्क झकरबर्ग यांना काँग्रेससमोर दोन दिवस उत्तरं द्यावी लागली. २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड लावला. डिसेंबर २०२० मध्ये त्याच कमिशनने मक्तेदारीचा खटला भरला. २०२१ मध्ये कंपनी सोडलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली आणि सिनेटसमोर साक्ष दिली. जसजशी चौकशीची झळ वाढली, तसतसा खर्च चढत गेला.

ही गोष्ट एकट्या फेसबुकची नाही. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टचं वॉशिंग्टनमध्ये जेमतेम अस्तित्व होतं. मे १९९८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने मक्तेदारीचा खटला भरला आणि कंपनीने तिथे मोठी फौज उभी केली. गूगलने २००५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका माणसावर काम सुरू केलं. पुढे सर्च इंजिनवरून चौकशी लागली, खर्च वाढत गेला आणि २०१७ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून गूगल सगळ्या कंपन्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. टिकटॉकची मालक बाइटडान्सही त्याच वाटेने गेली. २०१९ मध्ये ३ लाख डॉलरच्या आत असलेला तिचा खर्च बंदीची चर्चा सुरू झाल्यावर काही वर्षांत कोटीच्या घरात गेला.

म्हणजे टेक कंपन्या सुरुवातीला सरकारकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि पहिली नोटीस आली की वॉशिंग्टनमध्ये मुक्काम ठोकतात. एकदा तिथे बसलेली फौज नोटीस निकालात निघाली तरी सहसा परत जात नाही.

आकडा मोठा की लहान?

दोन्ही. कशाशी तुलना करता त्यावर अवलंबून आहे.

मेटाची २०२४ मधली कमाई होती सुमारे १६४.५ अब्ज डॉलर. म्हणजे दर मिनिटाला सरासरी ३ लाख डॉलरच्या वर. या वेगाने २ कोटी ४४ लाख डॉलर जमायला लागतात साधारण ७८ मिनिटं. एक मराठी सिनेमा मध्यंतरापर्यंत बघून चहा घेऊन येईपर्यंत कंपनीचा वर्षभराचा लॉबिंगचा खर्च निघालेला असतो. २०१९ चा ५ अब्जांचा दंड घेतला, तर त्या पैशांत याच दराने २०० वर्षं लॉबिंग करता येईल. कंपनीच्या नजरेतून हा खर्च म्हणजे स्वस्तातला विमा आहे.

दुसरी तुलना बाकीच्यांशी. ओपनसीक्रेट्स ही संस्था हे सगळे फॉर्म गोळा करून बेरीज मांडते. तिच्या हिशेबाने २०२४ मध्ये अमेरिकेत संघराज्य पातळीवर एकूण सुमारे ४.४ अब्ज डॉलर लॉबिंगवर खर्च झाले. त्यात घरांच्या दलालांची संघटना, यूएस चेंबर ऑफ कॉमर्स आणि औषध कंपन्यांची संघटना मेटाच्या पुढे आहेत. पण त्या संघटना आहेत. एकट्या कंपनीचा विचार केला तर मेटा अगदी वरच्या फळीत बसते.

तिसरी तुलना समोरच्या बाजूशी. मुलांवर सोशल मीडियाच्या होणाऱ्या परिणामांबद्दल वॉशिंग्टनमध्ये खेटे घालणारे पालक आहेत. काहींनी आपली मुलं गमावली आहेत. त्यांच्याकडे पगारी लॉबिस्टांची फळी नसते, स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून ते सुनावणीला येतात. कंपनीला ७८ मिनिटांत मिळणारी ताकद उभी करायला या लोकांची वर्षं जातात.

या आकड्यात काय येत नाही?

१. राज्यांमधलं लॉबिंग. हा फॉर्म फक्त संघराज्य सरकारपुरता आहे. कॅलिफोर्निया, टेक्सस, युटा इथल्या विधिमंडळांकडे केलेल्या कामाचा हिशेब तिथल्या नियमांप्रमाणे वेगळा जातो. आणि हल्ली खरी धामधूम राज्यांतच आहे. मार्च २०२५ मध्ये युटाने असा कायदा केला, की वापरणाऱ्याचं वय तपासायची जबाबदारी ॲप स्टोअरची, म्हणजे मुख्यतः ॲपल आणि गूगलची. मेटाने या कल्पनेला जाहीर पाठिंबा दिला होता. का, ते उघड आहे. जबाबदारी शेजाऱ्याच्या अंगणात गेली की आपलं अंगण मोकळं.

२. मतं घडवण्याचा खर्च. टीव्हीवरच्या जाहिराती, वर्तमानपत्रातले लेख, एखाद्या संस्थेला दिलेली देणगी हे सगळं साधारणपणे एलडी-२ मध्ये दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली होती, की मेटाने टार्गेटेड व्हिक्टरी या सल्लागार कंपनीला पैसे देऊन टिकटॉकविरोधी मोहीम चालवली. अमेरिकेतल्या स्थानिक वर्तमानपत्रांत लेख आणि वाचकांची पत्रं छापून आणणं हा तिचा भाग होता. वाचणाऱ्याला वाटणार, कोणा काळजीत पडलेल्या पालकाचं पत्र आहे.

३. लॉबिस्ट म्हणून नोंद नसलेली माणसं. ज्याचा २० टक्क्यांपेक्षा कमी वेळ एखाद्या ग्राहकासाठीच्या लॉबिंगमध्ये जातो, त्याला नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे पडद्यामागून डावपेच सांगणारे 'सल्लागार' बाहेर राहतात. कंपन्यांचे प्रमुखही बाहेरच. जानेवारी २०२२ मध्ये सिनेटच्या समितीत बड्या टेक कंपन्यांना लगाम घालणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू असताना सिनेटर टेड क्रूझ यांनी सांगून टाकलं, की ॲपलच्या टीम कुक यांच्याशी आपलं ४० मिनिटं बोलणं झालं. क्रूझ बोलले म्हणून कळलं. फॉर्ममध्ये कोणी कोणाला फोन केला ते लिहायचंच नसतं.

४. बाजू. हे सगळ्यात मोठं भोक. फॉर्ममध्ये विधेयकाचं नाव असतं, पण कंपनी त्याच्या बाजूने होती की विरोधात, हे लिहायची सक्ती नाही. प्रत्येक विषयावर किती खर्च झाला तेही नाही. सगळ्याची मिळून एकच बेरीज.

५. निवडणुकीचा पैसा. डोनाल्ड ट्रम्प यांच्या जानेवारी २०२५ मधल्या शपथविधी सोहळ्याच्या निधीला मेटाने १० लाख डॉलर दिले. ही रक्कम लॉबिंगच्या बेरजेत धरलेली नाही. २०२५ मध्येच मेटाने राज्यांतल्या निवडणुकांवर लक्ष ठेवून सुपर पॅकही उभ्या केल्या. त्यांचा हिशेबही वेगळ्या वहीत.

म्हणून २ कोटी ४४ लाख हा आकडा खोटा नाही, पण तो पूर्ण बिलही नाही. घराच्या खर्चापैकी फक्त किराण्याची पावती हातात यावी, तसं आहे हे.

पैसे टाकले की कायदा अडतो का?

सरळ उत्तर नाही. चार उदाहरणं बघा.

पहिलं, मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं विधेयक, किड्स ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट. डेमोक्रॅट पक्षाचे रिचर्ड ब्लुमेन्थल आणि रिपब्लिकन पक्षाच्या मार्शा ब्लॅकबर्न यांनी २०२२ मध्ये ते आणलं. जानेवारी २०२४ मध्ये सिनेटच्या सुनावणीत झकरबर्ग यांनी उभं राहून मागे बसलेल्या पालकांची माफी मागितली. जुलै २०२४ मध्ये सिनेटने ९१ विरुद्ध ३ मतांनी विधेयक मंजूर केलं. एवढा एकोपा अमेरिकी राजकारणात क्वचित दिसतो. पण हाउसमध्ये ते मतदानालाच आलं नाही आणि त्या काँग्रेसची मुदत संपल्यावर बारगळलं. २०२५ मध्ये पुन्हा नव्याने मांडावं लागलं.

हे लॉबिंगमुळेच झालं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांचाही त्याला विरोध होता, सरकार कोणता मजकूर 'घातक' ठरवेल याची त्यांना धास्ती होती. दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट, स्नॅप आणि एक्स या कंपन्या चक्क विधेयकाच्या बाजूने होत्या. म्हणजे 'टेक कंपन्या' असा एक गट नसतोच.

दुसरं, वर उल्लेख केलेलं लगाम घालणारं विधेयक. एमी क्लोबुचर आणि चक ग्रासली यांनी आणलेलं हे विधेयक समितीत १६ विरुद्ध ६ मतांनी पुढे गेलं. ४० मिनिटं फोनवर बोलूनही क्रूझ यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. पण पुढे पूर्ण सिनेटमध्ये त्यावर मतदानच झालं नाही.

तिसरं उलट्या बाजूचं. २०१३ मध्ये झकरबर्ग आणि इतर टेक उद्योजकांनी इमिग्रेशन सुधारणांसाठी एफडब्ल्यूडी डॉट यूएस ही संघटना काढली. एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डची रांग या त्यातल्या गोष्टी अमेरिकेत राहणाऱ्या हजारो मराठी घरांच्या जिव्हाळ्याच्या. जून २०१३ मध्ये सिनेटने मोठं इमिग्रेशन विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. टेक उद्योगाचं पाठबळ होतं. तरी हाउसने ते हातात घेतलं नाही. पैसा होता, इच्छा होती, काम झालं नाही.

चौथं टिकटॉकचं. लॉबिंगचा खर्च कोटीच्या घरात नेऊनही एप्रिल २०२४ मध्ये विक नाहीतर बंद कर असा कायदा तिच्याविरुद्ध झालाच.

या चारांत एक धागा दिसतो. नवा कायदा करवून घेणं अवघड, अगदी श्रीमंत कंपनीलाही. होऊ घातलेला कायदा रेंगाळत ठेवणं त्यापेक्षा सोपं, कारण अमेरिकी व्यवस्थेत विधेयक अडकायला जागा खूप आहेत: समिती, सभागृहाचा अजेंडा, दुसरं सभागृह, मुदत संपणं. जैसे थे परिस्थिती ज्याच्या फायद्याची आहे, त्याला जिंकायची गरज नसते. नुसतं लांबलं तरी पुरतं. अपवाद टिकटॉकसारखा, जिथे दोन्ही पक्षांना राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न दिसला.

भारताशी याचा काय संबंध?

दोन जुनी प्रकरणं आठवून बघा.

डिसेंबर २०१२. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीवरून आपल्याकडे वाद पेटला होता. तेवढ्यात बातमी आली, की वॉलमार्टने २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर सुमारे १२५ कोटी रुपये खर्च केले आणि त्यात भारतातल्या गुंतवणुकीचा विषयही होता. संसदेत गदारोळ झाला. सरकारला निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. ही माहिती फुटली कुठून? वॉलमार्टने अमेरिकेत भरलेल्या याच फॉर्ममधून! गंमत म्हणजे ते १२५ कोटी फक्त भारतासाठी नव्हते. अनेक विषयांची ती एकत्र बेरीज होती, भारत त्यातला एक. वर सांगितलेलं चौथं भोक आठवतंय ना? त्यात आपली संसदही अडकली होती.

दुसरं प्रकरण खुद्द फेसबुकचं. २०१५ च्या अखेरीस 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी फेसबुकने भारतात वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावले आणि वापरकर्त्यांना ट्रायकडे तयार मजकुराचे ईमेल पाठवायला सांगितलं. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या ईमेलमध्ये नाहीत, म्हणून ट्रायने नाराजीही कळवली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली आणि फ्री बेसिक्सला भारतातून जावं लागलं. पण त्या मोहिमेवर कंपनीने किती खर्च केला, कोणत्या अधिकाऱ्याला कोण भेटलं, याचा कोणताही फॉर्म कंपनीला आपल्याकडे भरावा लागला नाही. कारण असा फॉर्मच नाही.

भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही. २०१३ मध्ये खासदार कलिकेश सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंग उघड करण्याविषयीचं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आपल्याकडे लॉबिंग होत नाही असं थोडंच आहे? उद्योग संघटना निवेदनं देतात, कंपन्यांचे 'पब्लिक पॉलिसी' विभाग दिल्लीत काम करतात, बैठका होतात. लाच देणं गुन्हा आहेच, पण कायदेशीर भेटीगाठींचा जाहीर हिशेब नाही.

निदान ट्राय आलेल्या सूचना आपल्या संकेतस्थळावर टाकते, त्यामुळे कोणत्या दूरसंचार कंपनीने काय मागितलं ते वाचता येतं. पण जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत, असं सरकारने नोटिशीतच सांगितलं. तुमच्या आधार नंबरपासून तुमच्या मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यापर्यंत सगळ्याला लागू होणारे हे नियम. त्यावर कोणत्या कंपनीने काय मागितलं, हे तुम्हा-आम्हाला बघता येत नाही.

स्वतः शोधायचं असेल तर?

अमेरिकी सिनेटच्या लॉबिंग डिस्क्लोजर संकेतस्थळावर हे सगळे फॉर्म फुकट आहेत. खातं उघडावं लागत नाही.

१. शोध पानावर 'रजिस्ट्रंट' या रकान्यात कंपनीचं नाव टाका. इथे कंपनीने स्वतः भरलेले फॉर्म मिळतात. मेटाचे जुने फॉर्म 'फेसबुक' या नावाने आहेत.

२. 'क्लायंट' या रकान्यात तेच नाव टाकलं की कंपनीने नेमलेल्या बाहेरच्या फर्मचे फॉर्मही दिसतात.

३. दोन्हींची बेरीज करू नका. बाहेरच्या फर्मना दिलेली फी कंपनीच्या स्वतःच्या आकड्यात आधीच धरलेली असते. बेरीज केली तर तोच पैसा दोनदा मोजला जाईल. ही चूक बातम्यांमध्येही सापडते.

४. तिमाही आणि वार्षिक आकडा यांत गल्लत करू नका. चारही तिमाहींची बेरीज म्हणजे वर्षाचा खर्च.

५. आकडा बघून थांबू नका, खालची विधेयकांची यादी वाचा. गेल्या तिमाहीत नसलेलं एखादं नाव यावेळी दिसलं, तर कंपनीला कशाची काळजी लागली आहे ते तिथे कळतं.

लक्षात काय ठेवायचं?

पुढच्या वेळी असा मथळा दिसला की चार प्रश्न विचारा. आकडा तिमाहीचा की वर्षाचा? फक्त संघराज्य सरकारचा की राज्यांचाही? यादीत कोणती विधेयकं आहेत? आणि त्या विधेयकांचं पुढे काय झालं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बातमीत बहुतेक वेळा तोच नसतो.

अमेरिकेतली ही पावती अपुरी आहे, पळवाटा भरपूर आहेत. तरी ती आहे, आणि सांगली किंवा सावंतवाडीत बसलेल्या माणसालाही मोबाइलवर उघडून वाचता येते. तीच कंपनी दिल्लीत काय मागते, हे मात्र त्याच मोबाइलवर शोधायला गेलात तर उघडायला पानच नाही.